पेलाइआच्या नावाची खापरी

ताइपीला एका जागी उभं राहणं कधी जमलंच नाही. बापाकडून तिला वारसानं जमीन मिळाली नव्हती, गुरंही नाहीत. मिळाली होती चौतीस मेलेली माणसं. जेमेच्या टेकडीत पोखरलेल्या थडग्यांमधली. दर दहाव्या दिवशी खांद्यावर घागर घेऊन ती टेकडी चढायची, एकेकाच्या दाराशी पाणी ओतायची, नाव घेऊन हाक मारायची आणि पुढच्याकडे पळायची. बायका चिडवायच्या, "मेलेल्यांना कसली गं घाई?"

"त्यांना नसंल," ती पळता पळता म्हणायची, "तहान तर लागती ना!"

आज पस्तिसावा यायचा होता. नदीपलीकडचा विणकर पेलाइआ. सत्तर दिवस मिठातेलात राहून, कापडात गुंडाळून सकाळीच नावेतून उतरला होता. त्याच्या बायकोनं, एसोइरीनं, दफनाचा कर केव्हाच भरला होता. कारकुनानं खापरीवर लिहून दिलेली पावती तिनं आठ दिवसांमागं ताइपीच्या हाती सोपवली होती. पावती दाखवल्याशिवाय नाकेदार हर्पाएसी कुणाला वर सोडत नसे, आणि पावती सांभाळायची पाणी घालणारीनं. तिनं हरवली तर मयत दुसऱ्या पाणी घालणाऱ्याकडे, आणि मयतामागं सगळं घराणं, त्यांच्याकडून मिळणाऱ्या धान्यासकट. ताइपीच्याच धंद्यातला पामोन्त सकाळपासून नाक्याजवळच्या सावलीत खजूर चघळत बसला होता, तो काही हवा खायला नाही.

हर्पाएसीनं खापरी घेतली, उन्हात तिरकी धरली आणि वाचू लागला. वाचता वाचता त्याचे गाल हलायला लागले.

"'गुडघ्यात शिरलेल्या विषा, उतर. इसिस देवी सांगते, जमिनीवर सांड.' ताइपे, पेलाइआचे गुडघे अजून दुखत्यात व्हय गं?"

पामोन्त खदाखदा हसला. एसोइरी हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "माझ्या नवऱ्याची पावती कुठाय?"

ही तर देवळातल्या पुजाऱ्यानं सासूसाठी लिहून दिलेली खापरी. दोन्ही एकाच टोपलीत पडलेल्या, आणि ताइपीला अक्षर ओळखता येत नव्हतं.

"घरात असंल. आत्ता आणते!"

"दिवस डोंगराला टेकला की नाका बंद," खापरी परत देत हर्पाएसी म्हणाला. "आणि सापडलीच न्हाई, तर जिच्या हातनं गेली तिची देवळाच्या दारातली शपथ आण. लिहून. तीबी चालंल मला."

सत्तर दिवस सरलेला देह उघड्यावर रात्र काढणार? ताइपी पळत सुटली.

अंगणात सासू तनूफी जव कुटत होती. उभ्यानं. दोन वर्षांत ती अशी उभी राहिली नव्हती.

"आत्याबाई, टोपलीतली खापरी?"

"ती व्हय? चार दिस झालं. दारूत धुतली अन् प्याले."

यात आक्रीत काही नव्हतं. पुजाऱ्याचं लिखाण जवाच्या दारूत धुवायचं, अक्षर न् अक्षर उतरवायचं आणि पिऊन टाकायचं. जेमेत सगळेच पीत. कराची पावती मात्र आजवर कुणी प्यायलं नव्हतं. रांजणावर झाकण म्हणून ठेवलेली ती खापरी तनूफीनं दाखवली. चाटून पुसल्यासारखी कोरी.

"ती तुमची न्हवती, आत्याबाई! पेलाइआच्या कराची पावती व्हती!"

"काय बाई बोलतीस! ती प्याले अन् आज चौथ्या दिसाला काठी टाकली म्या. कराच्या पावतीनं गुडघं बरं व्हत्यात?"

"तुमची ही बघा, माझ्या हातात हाय. चला, देवळाच्या दारात शपथ घ्या."

तनूफीनं मुसळ खाली ठेवलं. "म्या देवाचं नाव प्याले. आता त्याच देवाच्या दारात जाऊन कर प्याले म्हनू? अन् पाय परत गेले म्हंजे?"

ताइपीनं अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. भिंतीची सावली वीतभर पुढं सरकली होती.

"पाय गेले तर तुमाला पाठीवर घीन. पेलाइआला कोन घील?"

"मोठी आली पाठीवर घेनारी! घागर तरी सरळ धरतीस का?" म्हातारी फणकारली. पण पदर खोचून निघाली. काठी कोपऱ्यातच राहिली.

देवळाच्या दारात कारकून बोरू बुडवून बसला. तनूफीनं हात वर केला. "हितं बसलेल्या देवापुढं सांगते. पेलाइआच्या दफनाच्या कराची पावती म्या दारूत धुऊन प्याले. यात खोटं न्हाई."

"धुऊन काय केली?"

"प्याले! कान देवळात ठेवून आलास व्हय रं?"

भोवतीची माणसं हसली. कारकुनानं खाली मान घालून नव्या खापरीवर लिहिलं. तनूफी वळली, पहिली पायरी उतरली आणि तिचा गुडघा मुडपला. तिनं ताइपीचा खांदा घट्ट धरला.

"बघ," ती म्हणाली. एवढंच. मग पायरीवर बसली. "थांबतीस काय? पळ."

ताइपी पळाली. शाई ओली, तळवे घामेजलेले. खापरी कडांनी धरून, दोन्ही हात पुढं करून, निखारा नेल्यासारखी ती टेकडी चढली. दिवस डोंगराच्या माथ्याशी आला होता आणि हर्पाएसी नाक्याच्या दांड्याला हात घालून उभा होता. शपथ वाचताना त्याला हसू आलं. पेलाइआच्या नावाकडे पुन्हा नजर गेली तसं ते थांबलं. त्यानं दांडा बाजूला केला. पामोन्तनं खजुराची बी थुंकली आणि ढुंगण झाडून उठला.

देह थडग्यात गेला. ताइपीनं दाराशी पाणी ओतलं, "पेलाइआ!" अशी हाक मारली. एसोइरी पहिल्यांदा रडली. तिच्याजवळ दोन घटका बसायला हवं होतं, पण ताइपी आल्या पावली खाली पळाली.

तनूफी त्याच पायरीवर होती. ताइपीनं तिला पाठीवर घेतलं. म्हातारी हलकी, पण हाडं टोचत होती. थोडं चालल्यावर ताइपीच्या कमरेला बांधलेली खापरी म्हातारीच्या मांडीला लागली.

"हीच का माझी?"

"व्हय. घरी गेल्यावर देते दारूत धुऊन."

"आधी कुनाकडनं तरी वाचून घे," तनूफी तिच्या कानाशी म्हणाली. "अन् जरा हळू चाल की गं. म्या काय मेलेय?"