भिंतीवरचे लाल ठिपके

मुलांनो, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, ते जुनं डबडं काढून टाक, आम्ही बिनतारी स्पीकर पाठवतो." पाठवू नका. का, ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

स्पीकर सुरू केला की आमचे साउंडवाले मिस्त्री त्याच्यावर तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "येऊन राह्यला." म्हणजे आवाज. कसबी माणसांच्या अशा सवयी तुम्हीही पाहिल्या असतील. आपण त्यांना ढब समजतो. मीही समजले. बोलताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत, तो मला शिक्षिकेचा मान वाटला.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. जन्म गेला तो लग्नांत, मिरवणुकांत, भोंग्यांच्या शेजारी उभं राहून.

तुमचे बाबा ते डबडं, म्हणजे गाण्यांचा रिसीव्हर, ठेवून गेले. "आई, एकटी असतेस, चारही खोल्यांत गाणी वाजू देत." मिस्त्रींनी खोकं उघडलं आणि हसले.

"एका मानसाले चार खोल्यांत आवाज! बाई, तुम्ही का एकाच टायमाले चारी खोल्यांत बसता?"

"बसत नाही, हिंडते."

"मंग बराबर हाय."

इंग्रजी पुस्तिका मी वाचायची, तारा त्यांनी ओढायच्या. प्रत्येक जोडणीला ते आधी पेन्सिल सेल लावत. स्पीकरचा पडदा बाहेर आला की जोडणी सुलटी. प्रत्येक खोलीत भिंतीवर आवाज कमीजास्त करायचं एक फिरतं बटण बसवलं.

दुपारी त्यांनी रिसीव्हर सुरू केला आणि बैठकीत खाली बसून उरलेली तार गुंडाळू लागले. स्वयंपाकघराचं बटण पूर्ण उघडं राहिलं होतं. स्पीकर किंचाळला, मांडणीवरची ताटं थरथरली. मी कान दाबून बाहेर धावले. "मिस्त्री, बंद करा! अहो मिस्त्री!" त्यांची पाठ माझ्याकडे होती. तार गुंडाळणं चालूच. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. माझे कानांवरचे हात दिसले आणि त्यांचा चेहरा पडला.

"कोनाले सांगू नका, बाई," रिसीव्हर बंद करून ते म्हणाले. "बहिऱ्याले साउंडच्या कामाले कोन बलावते?"

"आधी कान दाखवा. मशीन मिळतं."

"कानात मशीन घालून स्टेजवर चढू? लोकं मलेच वाजवतीन."

दोघंही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

मग उरलेलं काम खुणांनी झालं. ते बटण फिरवत, मी खोलीच्या मध्यभागी उभी. आवाज ठीक लागला की हात वर करायचा. "घरात नखाचा रंग हाय का?" त्यांनी विचारलं. तुमच्या ताईची उन्हाळ्यात इथे राहून गेलेली लाल बाटली दिली. माझा हात वर झाला तिथे त्यांनी बटणाच्या कडेला भिंतीवर एकेक ठिपका दिला.

हिवाळ्यात वणीला माझ्या एका विद्यार्थिनीच्या मंगल कार्यालयाचं उद्घाटन होतं. साउंड मिस्त्रींचाच. माईक सुरू होताच कर्कश शिट्टी उठली आणि सभागृहभर हात कानांवर गेले. मिस्त्री मात्र स्पीकरच्या मोठ्या बॉक्सवर तळहात टेकवून, डोळे मिटून शांत उभे. ओठ हलले, "येऊन राह्यला."

"अबे, बुढा बहिरा झाला का?" मागून कोणी तरी ओरडलं. लोक हसले.

मी उठून गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले. समोर कानांवर हात धरलेली सगळी माणसं. त्यांनी बटण बंद केलं आणि बॉक्सवरचा हात खिशात घातला.

दुकान लवकरच बंद झालं. आता ते बाभुळगावला मुलीकडे असतात. फोन तीच उचलते. "बसून हायेत, बाई. कान दाखवाले चला म्हटलं का उठून जातेत."

तुमच्या बाबांचा रिसीव्हर चालू आहे. चारही बटणांच्या कडेला भिंतीवर लाल ठिपके आहेत. सकाळी मी बटणं ठिपक्यापर्यंत फिरवते, आणि चारही खोल्यांत आवाज येतो.