न्या की

"न्या की" हे दोन शब्द आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडातून कायमचे कसे काढून टाकावेत, याचा विचार मी लग्न होऊन या घरात आल्यापासून करत आले आहे. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांच्या विणायच्या सुयांवर काही चढलेलं दिसलं, की आलेला माणूस म्हणतो, "काय झ्याक झालंय हो." अक्का लगेच म्हणणार, "न्या की." आणि माणूस नेतो. सुयांवरचं पुरं व्हायचं असेल तर पुरं झाल्यावर येऊन नेतो, पण नेतो.

आमच्याकडे असं म्हणायची रीत आहे, हे मला मान्य आहे. दारात आलेल्या पावण्याला आपण "जेवून जावा की" म्हणतोच. पण रीतीला दुसरी बाजू असते. समोरच्यानं "नको नको, ऱ्हाऊ दे" म्हणायचं असतं. आमच्या नातेवाइकांनी पहिली बाजू तोंडपाठ केली आणि दुसरी ऑप्शनला टाकली. एकालाही कधी "ऱ्हाऊ दे" म्हणताना मी ऐकलेलं नाही.

अक्का विणतात आणि मी जोडते. ही वाटणी कुणी ठरवली नाही, ती पडत गेली. त्यांचा हात सुयांवर असा चालतो की बघतानाही आपण त्याच तालात श्वास घ्यायला लागतो. मला तो वेग नाही. माझ्याकडे चिकाटी आहे आणि तोंड आहे. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या असे सुटे तुकडे त्या माझ्या मांडीवर टाकतात. मग मी ते धुते, टॉवेलवर पसरून, कडा टाचण्यांनी मापात ओढून वाळवते, खांदे जोडते, बाह्या बसवते, लोंबणारे दोरे आतल्या बाजूनं टाक्यांत मुरवते, गळ्याला क्रोशाची किनार काढते, बटणं लावते. नीट जोडलं तर कुठं जोडलंय ते दिसत नाही. म्हणून मी काही केलंय असं कुणाला वाटतच नाही. किनारीच्या त्या बुटक्या टाक्याला आमच्यात मुका खांब म्हणतात. असे मुके खांब या घरात पुष्कळ आहेत, पण मी त्यातली नव्हे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो "बसल्या बसल्या" या शब्दांचा. "वैनी, बसल्या बसल्या नातवाला एक टोपडं करा की." "बसल्या बसल्या दोन मफलर व्हतील, रंकाळ्याला फिरायला जाताना ह्यांच्या कानात वारं जातंय." बाळंतविडा न्यायचा असला की आमच्या घरात आधी फोन येतो आणि मग सोनोग्राफी होते. आणि हीच माणसं वर म्हणतात, "कोल्हापुरात कुठली आलीया एवढी थंडी?" थंडी नाही तर मग नेता कशाला? अक्का बसतात कधी, हे विचारा. सगळ्यांची ताटं उचलल्यावर, दूध तापवताना, डाळ शिजताना. त्यांचं बसणं म्हणजे एक डोळा कुकरवर आणि दुसरा टाक्यांवर. त्याला बसणं म्हणत असतील तर मग उभ्यानं राबणं कशाला म्हणतात ते मला कुणीतरी सांगावं.

न्यायला येणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या वन्संचा, म्हणजे मधल्या नणंदेचा. त्या इचलकरंजीला असतात. घरामागंच त्यांची लूमची शेड. त्यामुळं कापड म्हटलं की ते ताग्यानं निघतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे. बाईनं एकेक टाका उचलून कापड करायचं, ही गोष्ट त्यांना गमतीची वाटते. स्वभावानं वाईट नाहीत. येताना भडंग आणतात, आजारपणात धावून येतात. पण दिसेल ते उचलतात, आणि अक्का त्यांना उचलून देतात.

एकदा त्यांच्या घरी गेले होते. शेडच्या दाराशी मोटरसायकल उभी होती आणि हँडलला एक फडकं अडकवलेलं. फडक्याला मोरपंखी पट्टा होता. तो पट्टा मी ओळखला, कारण तो पाठ आणि पोट यांच्या शिवणीत एका रेषेत यावा म्हणून मी ती शिवण दोनदा उसवली होती. वन्संच्या थोरल्याचा स्वेटर. बाह्या कात्रीनं कापल्या होत्या. विणलेलं कापलं की टाके सुटत जातात. तसे ते सुटत सुटत खांद्यापर्यंत गेले होते आणि सगळ्याला ऑइल लागलं होतं.

मी विचारलं, "वन्सं, ह्ये काय?"

"त्याला लहान झालता गं. पुसायला लई ग्वाड हाय, ओरखडा पडत न्हाय."

मी चहा न पिता निघाले. वन्संना वाटलं, माझी एसटी चुकेल म्हणून.

घरी येऊन अक्कांना सांगितलं. लपवायचं कशाला? त्यांनी समजून घ्यावं म्हणूनच सांगितलं. त्यांनी सुई थांबवली आणि म्हणाल्या, "कामाला आला की." त्या दिवशी मला वन्संपेक्षा अक्कांचा राग आला. दुसऱ्यानं तुडवलं तर त्याला शिव्या घालता येतात. आपलं माणूस आपणहून पायपुसणं होऊन दारात आडवं पडलं तर काय करायचं?

अक्का स्वतः काय घालतात, हेही ऐका. थंडीत पहाटे उठून पाणी तापवताना त्या साडीवर आमच्या दिरांचा एक जुना, दुकानातला, राखाडी स्वेटर चढवतात. कोपर फाटलेलं, खालची पट्टी सैल होऊन झालरीसारखी झालेली. सगळ्या खानदानाला ऊब पुरवणारी बाई नवऱ्याच्या टाकाऊ स्वेटरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या स्वयंपाकघरात रोज पहाटे बघायला मिळतो.

मग त्यांचा उजवा अंगठा गेला. म्हणजे आहे, पण बुडाशी सुजून जाड झाला, सकाळी वाकेना, भाकरी थापताना कळ डोक्यात जाऊ लागली. डॉक्टरांनी हात दाबून बघितला आणि सांगितलं, विणकाम बंद करा. सक्तीनं. रिक्षात बसल्यावर अक्का म्हणाल्या, "एक शेवटचं करतो. मग बास."

"कुणाचं?" मी विचारलं. आवाज चढला होता, रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

"बघू."

"बघू न्हाय. तुमचं. तुमच्यासाठी करणार असलासा तर करा, न्हायतर मी सुया चुलीत घालतो." आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, पण रागात माणूस चूलच म्हणतं.

त्याच रिक्षानं मी त्यांना महाद्वार रोडच्या लोकरीच्या दुकानात नेलं. कुठला रंग, विचारलं, तर म्हणाल्या, "कुठलाबी." दुकानदारानं लड्या काढून काढून ढीग केला, आणि त्या नुसत्या हात मागं बांधून उभ्या. शेवटी बोट एका वांगी रंगाच्या लडीवर टेकलं आणि लगेच उचललं गेलं, चटका बसल्यासारखं. मी ती लोकर बांधायला सांगितली.

त्या थंडीत अक्का रोज थोडंथोडं विणत होत्या. थोडं विणायचं, अंगठा गरम पाण्यात धरायचा, पुन्हा थोडं. कुणी आलं की मी ते बोचकं उचलून कपाटात टाकत असे. लोकांना वाटलं, अक्कांनी विणणं सोडलं. फोन कमी झाले. चौकशी मात्र अंगठ्याची कुणी केली नाही. विचारलं ते एवढंच, की मग आता बाळंतविड्याचं कसं करायचं?

सगळे तुकडे हाती आले तेव्हा मी ते धुऊन टॉवेलवर पसरले आणि बघतच राहिले. अक्का अंगानं काडी. आणि समोरची पाठ पसरलीये ऐसपैस. पुढचे भाग तसेच. एवढं माप घरात एकाच बाईचं आहे, म्हणजे घरात नाही, इचलकरंजीत आहे.

"अक्का, ह्ये माप कुणाचं?"

त्यांनी जवळ येऊन बघितलं, पाठीवरून हात फिरवला आणि खाली बसल्या. टाके घालताना त्यांनी माप काढलंच नव्हतं. कधीच काढत नाहीत. पुतण्यांची, भाच्यांची, व्याह्यांची मापं त्यांच्या बोटांत आहेत. बाईमाणसाचा पुढून उघडा स्वेटर म्हटल्यावर बोटांनी आपले सवयीचे टाके घातले, वन्संचे. स्वतःचं माप त्या बोटांना माहीतच नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

"मग त्यास्नीच दिऊया की," अक्का म्हणाल्या.

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सासूबाई असत्या तर मला माहेरी धाडलं असतं. एवढ्यातल्या एवढ्यात मला रडूही येत होतं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग येत होता. उसवून पुन्हा विणायचं तर तो अंगठा पुन्हा झिजणार. मी विणायचं तर तो अक्कांचा हात राहणार नाही. मग उरलं माझंच काम. जास्तीची रुंदी शिवणीत आत घ्यायची. जाड शिवण येणार, पण आतून, आणि ती लपवायची कशी ते मला येतं. एकच अडचण. विणलेलं लवचिक असतं, टेबलावर मापून चालत नाही. माणसाच्या अंगावर घालूनच किती घ्यायचं ते ठरवावं लागतं, आणि टाचण्या लावून काढताना ते सरकतं. म्हणजे खांदे, बाह्या, किनार आधी करून बगलेखालच्या शिवणी तेवढ्या अंगावरच घालायच्या.

अंगावर शिवणं आमच्यात अशुभ. शिवलंच तर घालणाऱ्यानं तोंडात दोरा धरायचा आणि शिवण संपेपर्यंत बोलायचं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, अक्कांचा आहे. मी वांगी लोकरीचा एक तुकडा तोडून दिला, त्यांनी तो दातांत धरला आणि हात वर करून उभ्या राहिल्या. मी मोठ्या नेढ्याची सुई ओवून बगलेपासून खाली यायला लागले.

एक बाजू झाली आणि जिन्यात आवाज आला. "हायसा का घरात?" वन्सं. लग्नाच्या बस्त्याला आल्या होत्या, हातात पिशव्या, मागनं भडंगाचा वास. आत आल्या, पिशव्या टाकल्या आणि अक्कांकडं बघून थबकल्या.

"आगं बया. काय रंग हाय वैनी. आनि माझ्याच मापाचा दिसतोय की गं ह्यो."

अक्कांचे डोळे मऊ झाले. ते मला चांगले ओळखीचे आहेत, "न्या की"च्या आधीचे डोळे. ओठ हलले. दोऱ्याचं टोक खाली वर झालं.

"वन्सं, तोंडात दोरा हाय," मी म्हणाले. "अंगावर शिवतोय. बोलायचं न्हाय त्यास्नी."

"मग काढ की, इचारतो तेवढं."

"मधीच काढत न्हाईत. तुमच्याच आईनं शिकवलंय."

वन्संचा रीतीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. त्या तिथंच बसून राहिल्या. मी शिवू लागले, आणि आयुष्यात शिवलं नसेल इतकं सावकाश शिवू लागले. घातलेला टाका पसंत पडेना, उसवला, पुन्हा घातला. किनारीवरून हात फिरवला. बटणं राहिली होती, तीही लावायला घेतली, एकेक करून. वन्सं बसल्या जागेवरून बस्त्याचं सांगत होत्या, कुणी कुठल्या साडीला नाक मुरडलं ते. चहा मी केलाच नाही, हात गुंतलेला होता. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं.

मी शेवटच्या बटणाला गाठ मारली आणि कात्रीनं दोरा तोडला. कच्च. अक्कांनी ते बघितलं. शिवण संपली, म्हणजे आता बोलायला मोकळीक.

वन्सं पिशव्या उचलून दारात गेल्या आणि वळल्या. "बरं वैनी, एवढं आत घेऊन कशाला शिवताय? मला आयता बसला असता. न्हायतर असलाच एक करा मला पुढल्या थंडीला. बसल्या बसल्या व्हईल."

अक्का तशाच उभ्या. दोरा दातांत. त्या वन्संकडं बघत होत्या, डोळे आता मऊ नव्हते आणि जबडा आवळलेला होता. वन्संनी वाट बघितली, "येतो मग," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली, की एवढ्या वर्षांत एका बाईला "नाही" म्हणता आलं तेही तोंडात दोरा कोंबल्यावर. ती शिवण आत घेताना मी बोटाला सुई टोचून घेतली होती, ते आत्ता कळलं.

खालचं फाटक वाजलं. तेव्हा अक्कांनी तोंडातला दोरा काढला, तो सुजलेल्या अंगठ्याला गुंडाळला आणि म्हणाल्या, "आता चा टाक. दोघींपुरता."