एका शिक्क्याखालचे दोन निळे

सिकंदराबादच्या कापड एजंटाने मला फसवलं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण बाजारात ही गोष्ट उलटी फिरते आहे.

पण त्याच माणसाने मला धंद्यात उभं केलं, हेही खरं. नांदेडकडून हैदराबादला आलो तेव्हा मी कोठीच्या फुटपाथवर मुलांच्या चड्ड्या विकायचो. काकांनी (मी त्यांना काकाच म्हणतो) मला पहिला तागा नुसत्या विश्वासावर दिला. देण्याआधी दुकानाबाहेर नेऊन उलगडून दाखवला. म्हणाले, "ट्यूबलाइट खोटं बोलते. कापड उन्हात बघायचं." आज गौलीगुड्यात माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. तो त्या एका वाक्यावर उभा आहे, असं मी कुणालाही सांगतो.

भावात मी कुणाला सोडत नाही. काकांशी फोनवर असा भांडायचो की बायको उठून खिडकी लावून घ्यायची. पण भाव एकदा ठरला की जुन्या माणसाचा माल उघडून तपासायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. तपासला तर तो त्याचा अपमान. म्हणून बाकी सगळ्यांचं कापड मी उन्हात धरतो. काकांचा गठ्ठा थेट कटिंगच्या टेबलावर जायचा.

यंदा शाळा उघडायच्या तोंडावर एका मोठ्या शाळेच्या निळ्या शर्टांचं काम हातात होतं. आमचं निम्मं काम त्या शाळेचं. ती गेली तर कारखान्याला कुलूपच. काकांचे तागे आले, सगळ्यांवर एकाच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवल्याचा, शिक्का. आम्ही थरावर थर लावून काही तागे कापले आणि शिवायला घेतले. कटिंग मास्तर पहिले शर्ट इस्त्रीला द्यायला बाहेर पडले आणि पायरीवरूनच ओरडले, "मालक, बाहेर या!"

उन्हात शर्टाचं अंग निळं होतं आणि बाह्या हिरवट. दोन वेगळ्या वेळी रंगवलेलं कापड एका शिक्क्याखाली आलं होतं, आणि आम्ही ते एकत्र कापलं होतं.

मी काकांना फोन लावला.

"धुतल्यावर होतं सारखं," ते म्हणाले.

"मग आधी तुमच्या जावयाला घाला हा शर्ट!"

त्यांनी फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

मी पायरीवर उभा राहून शिव्या घालत होतो. समोरच्या दुकानातला माझा वैरी ऐकत होता. तोही गणवेशवालाच. शाळांच्या ऑर्डरींवरून आम्ही इतकं भांडलो होतो की खुर्च्यासुद्धा एकमेकांकडे पाठ करून ठेवायचो. तो रस्ता ओलांडून आला आणि त्याने बाही हातात घेतली.

"ये माल मेरेकू बी लाया था वो. मैं धूप में देख्या, नक्को बोल्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम बात कब करते, भाई? तुम तो खाली लड़ते!"

मास्तर तोंड फिरवून हसले.

"मेरे कने कॉलेज का माल पड़ा है, येइच नीला," तो म्हणाला. "कॉलेज देर से खुलता. उठा लो."

"भाव?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"जो मेरेकू पड़ा, वोइच."

मी म्हणालो, थोडं वर लावा. तो म्हणाला, नाही. मी आवाज चढवला, त्यानेही चढवला. घेणारा वाढवतोय आणि देणारा कमी करतोय, असं भांडण त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तोच जिंकला. त्याच्या हातून हरल्याचा आनंद मला त्याच दिवशी कळला.

त्याचे तागे मी उन्हात धरले नाहीत. "देखो, देखो," म्हणत त्यानेच ते माझ्या दारात उलगडले.

शाळा उघडली त्या सकाळी मी फाटकाबाहेर उभा होतो. प्रार्थनेच्या रांगा लागल्या आणि मैदानभर एकच निळा दिसला. माझे हात आपोआप जोडले गेले. मास्तरांसाठी, जेवण डब्यात आणून मशीनवरच खाणाऱ्या आमच्या शिवणाऱ्या बायकांसाठी, आणि समोरच्या त्या माणसासाठी. आता आमच्या खुर्च्या समोरासमोर असतात. भांडण रोज होतं, चहाबरोबर.

काका मात्र बाजारात सांगत फिरतात की, "त्याने मला भावात पिळलं, म्हणून तसा माल गेला." पिळलं असेन. मग नाही म्हणायचं होतं, काका! मी आणखी भांडलो असतो, पण तुम्हाला फसवणारा म्हणालो नसतो.

तुमचे न कापलेले दोन तागे मी ठेवलेत, काका. सकाळी माझ्या दारात ऊन येतं. तिथे या, दोन्ही शेजारी धरा, तुम्हीच शिकवलं तसं. समोरच्याने नाकारलेल्या या दोन रंगांवर एकच शिक्का कोणी मारला, आणि जो माणूस तुमचा गठ्ठा कधीच उघडून तपासत नाही, त्याच्याच कारखान्यात हा माल का पाठवला? उत्तर द्या.