वजाची रेघ

फिजिक्सच्या मास्तराशी लग्न केलं की घरात भांड्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. विद्यार्थी येतात, कॉफी पितात, किस्से मागे ठेवून जातात. आमच्या मल्लेश्वरमच्या घरी हळदीकुंकवाला बायका मला तेच सांगायला लावतात आणि पोट धरून हसतात. मीही हसते. पण निम्म्या किश्श्यांची मला लाज वाटते. मी चौथी पास बाई, आडपडदा ठेवून लिहिणं मला जमत नाही.

हे कॉलेजात मॅथेमॅटिकल फिजिक्स शिकवायचे. म्हणजे काय, तर एक काळी वही होती, तिच्यातलं फळ्यावर उतरवायचे. पोरं फळ्यावरचं आपल्या वहीत उतरवायची, परीक्षेत वहीतलं पेपरात. डोकं यात मध्ये कुठेच येत नसे!

*

लेक्चरची तालीम घरी, माझ्यासमोर. मी नारळ खवतेय, हे म्हणतायत, "आता हे सहज दाखवता येईल की..."

"मग दाखवा की!"

हे थांबले. वही चाळली. मग म्हणाले, "नारळ जरा बारीक खव."

*

एकदा एका मुलाने वर्गात विचारलं, "सर, या समीकरणाचा अर्थ काय?"

"अर्थ कन्नडच्या तासाला विचार! इथे डेरिव्हेशन चाललंय."

घरी येऊन ह्यांनी ते अभिमानाने सांगितलं. मी त्याहून अभिमानाने शेजारच्या अक्कांना सांगितलं.

*

धारवाडकडचे कुळकर्णी नवे लेक्चरर होते. समीकरण लिहायच्या आधी वस्तू हातात द्यायची, ही त्यांची रीत. एका रविवारी त्यांनी आमच्या पेरूच्या फांदीला स्प्रिंग टांगली आणि तिला माझा पितळी तांब्या अडकवला.

"वहिनी, तांब्या खाली ओढा. आता स्प्रिंग कुठे ओढते?"

"वर!"

"म्हणजे तुमच्या उलट. ह्या उलटेपणासाठी आम्ही वजाची रेघ काढतो. बास, एवढंच!"

मी टाळीच वाजवली. "अहो, मला समजलं!"

हे खुर्चीतून म्हणाले, "तुला समजलं, म्हणजे ते फिजिक्स नव्हे."

कॉफीला आलेले सगळे मास्तर हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. पुढे कॉलेजात कुळकर्ण्यांना 'तांब्यामास्तर' म्हणायला लागले. ते नाव मी पाडलं होतं.

*

हे आंघोळीला गेले होते आणि माझ्या हातून काळ्या वहीवर कॉफी सांडली. पदराने पुसली तर शाई फिसकटली. म्हटलं, घाबरतेस काय? चौथीपर्यंत अक्षरं गिरवलीस ना! ह्यांचंच पेन घेतलं आणि पुसट झालेलं सगळं गिरवून काढलं. एका अक्षराच्या आधी बारीक आडवं काहीतरी होतं. मला वाटलं, डाग असेल. सोडून दिलं.

ह्यांना कळलं नाही. मी खूश!

*

तीन वर्षांनी नागरत्ना घरी आली. आनेकलहून रोज बसने येणारी, वर्गातली एकुलती एक मुलगी. कॉलेजच्या परीक्षेत फर्स्ट क्लास आला तर पुढे शिकवीन, नाहीतर लग्न, असं बापाने सांगितलेलं. चार मार्कांनी हुकत होता. सोमवारी मार्क्स ऑफिसात जायचे होते.

"सर, स्प्रिंगच्या पहिल्या ओळीत मी वजा लिहिलं, म्हणून चार मार्क्स कापलेत."

ह्यांनी काळी वही उघडली. "इथे आहे का वजा?"

"नाही सर. पण दुसऱ्या ओळीत आहे. मग ते आलं कुठून? आणि वजा नसेल तर स्प्रिंग परत येणारच नाही सर, पळूनच जाईल!"

मी दारात उभी होते. वहीवरचा कॉफीचा डाग मला दिसत होता. ती काय म्हणतेय ते मला कळलं होतं, त्या खोलीत बहुतेक मलाच. आणि मी काय बोलले असेन?

"मास्तरांना शिकवायला आलीस का गं? एवढी हुशार आहेस तर घरीच बसून शीक!"

"सरी, अक्का," म्हणजे बरं ताई, एवढंच कन्नडमध्ये म्हणाली आणि चप्पल घालून गेली. आणलेली केळी तिथेच राहिली.

*

सोमवारी सकाळी मी कॉलेजात गेले. जन्मात पहिल्यांदा. हे त्याच पेपरची उत्तरं फळ्यावर लिहून देत होते. मी दार ढकलून आत शिरले आणि म्हटलं, "वहीवर कॉफी मी सांडली. ती गिरवली पण मीच. या पोरीचं बरोबर आहे."

मी टेबलावरचा खडू उचलला आणि पहिल्या ओळीत रेघ ओढली. वाकडीच आली.

साठ पोरांनी मान वर न करता ती वाकडी रेघ उतरवून घेतली. एकटी नागरत्ना लिहीत नव्हती. तिच्या वहीत ती रेघ आधीपासून होतीच. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

ह्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. डाग अंगठ्याने चोळून पाहिला. मग कोटाच्या खिशातून मार्कांचा कागद काढला आणि उभ्याउभ्याच एक आकडा बदलला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"अक्का, हे परीक्षेला आहे का?"