बिडाचा एल्बो

मी तेव्हा शिवडीच्या एका लष्करी डेपोत हवालदार होतो. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबाग-परळात आज मोर्चा, उद्या हरताळ. आम्हाला गेटबाहेर बंदी. पण दोनशे जवानांचं जेवण साडेबाराला लागायचंच. कुकहाऊसमध्ये भात वाफेवर शिजायचा. प्रेशर जेमतेम दहा पौंड. ती लाइन माझ्या ताब्यात होती.

हाताखाली नाईक गणपत. करी रोडचा, बाप गिरणीत फिटर. पाइपला कान लावून पाणी कुठे साचलंय ते सांगायचा. कॅप्टनसाहेब त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे. मला सात वर्षांत एकदाही नाही. खोटं कशाला बोलू, मी जळायचो. त्यात जमादाराची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती.

लाइन वळणावरच्या एल्बोपाशी गळायला लागली. गणपत साहेबांसमोरच म्हणाला, "वाफेचा काळा पाइप अन् पोलादी एल्बो पाहिजेत. हरताळ सुटला की आणतो. तोवर चुलीवर शिजवू."

"स्टोअरमध्ये पाण्याच्या लाइनचे बिडाचे एल्बो पडलेत," मी म्हणालो. "दहा पौंडाला कशाला पाहिजे पोलाद?"

"प्रेशरचं नाही, हवालदारसाहेब. वाफेने ढकललेलं पाणी आदळलं की बीड वाकत नाही, फुटतं. गिरणीत शेंबडं पोरही सांगेल."

शेंबडं पोर! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

साहेबांनी मला विचारलं, "चलेगा?"

"चलेगा, सर."

एल्बो गणपतनेच बसवला. हुकूम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला वाफ सोडायची होती. त्याने आचाऱ्यांना बाहेर काढलं. मलाही म्हणाला, "तुम्ही पण व्हा बाहेर. मी वाफेचा वाल हळू उघडतो."

"शहाणाच आहेस," म्हणत मी तणतणत बाहेर दारापाशी आलो. आत पाइप दोनदा ठणठणला. मग धडाका झाला आणि दारातून पांढरी वाफ आली. मी वाफेत शिरून त्याला ओढलं. अंगावरची कातडी माझ्या हाताला चिकटली.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "वाल एकदम उघडला का त्याने?"

मी खाली बघत म्हणालो, "असेल, सर."

तेवढंच कागदावर चढलं. पुढे मी जमादार झालो. त्याचा बाप सामान न्यायला आला, तेव्हा मला हात जोडून म्हणाला, "पोराच्या हातनं चूक झाली, साहेब. माफ करा."

मी माफ केलं त्याला. बापाला घेऊन गेटपर्यंत गेलो. आज तो बापही नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मी दारातून पाहिलं होतं, नाईक गणपतने वाल हळूच उघडला होता.