अर्ध्या दाढीतले सुभेदार

समोरच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की सुभेदारसाहेब माझ्या खुर्चीतून उठून ताठ उभे राहायचे. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, गळ्यात माझा टॉवेल. मी वस्तरा हवेत धरून थांबायचो.

"साहेब, कापलं असतं की आत्ता!"

"कापू दे. गीत चालू असताना बसायचं नसतं."

देवळाली कॅम्पात माझं सलून होतं. मी चौथी नापास, पण माझ्यासारखा वस्तरा धरणारा बाजारात दुसरा नव्हता, हे आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. साहेब तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या एकुलत्या एक पोराचं जावळ मीच काढलं. ते पोरगं कॉम्प्युटर शिकलं, अमेरिकेला गेलं आणि तिथलंच झालं.

"तिकडच्या देशाची शपथ घेणार आहे म्हणे," साहेब एकदा फेसातून बोलले. "नंतर मला कॉम्प्युटरवर दिसणार."

"मग जाणार का बघायला?"

"मी? मेलो तरी नाही."

पुढच्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच दारात हजर. "चल रे. मला ते यंत्र कळत नाही." मलाही कळत नव्हतं, पण तसं मी का म्हणू?

सायबर कॅफेत पडद्यावर पोरगं दिसलं. हातात छोटा परका झेंडा, मागं मित्रमंडळी. हसणं-खिदळणं झालं आणि सगळे छातीवर हात ठेवून तिकडचं राष्ट्रगीत गाऊ लागले. साहेब खुर्चीतून उठले. ताठ. कॅमेरा खाली, त्यामुळे पोराला दिसली नुसती शर्टाची बटणं.

"बाबा? कुठं चाललात?"

साहेब बोलले नाहीत. गीतात बोलायचं नसतं. तेवढ्यात लाईन गेली. पडदा काळा झाला तरी साहेब उभेच, गीत तिकडं संपेल तोवर.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मी उभा राहिलो, अन् त्यानं तोंडावर बंद केलं."

"अहो, लाईन गेली."

"मला शिकवू नकोस."

त्यानंतर फोनवर बापलेकांचं बोलणं एवढंच: तब्येत बरी? बरी.

असा ताठा तुम्हीही कुणात पाहिला असेल. पण मी दमलो हो या नव्या जगापुढं. पूर्वी देशाची हद्द हलवायला तोफा लागायच्या. आता पोरगं तिकडं शपथेला हात वर करतं आणि हद्द बापाच्या ओट्यावरून जाते. काचेतून यायला कुणाची परवानगी लागत नाही, दारातून यायला लागते.

साहेब वारले तेव्हा पोराला स्वतःच्या घरी यायला व्हिसा काढावा लागला. अग्नी पुतण्यानं दिला. पोरगं पोचलं ते दहाव्याला. गोदावरीच्या काठावर मी त्याचं डोकं करायला बसलो.

"काका," तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी बाबा रागानं उठून गेले ना?"

"गेले? अरे, उभे राहिले होते ते. तुमच्या गीताला."

"संपेपर्यंत?"

"तू दिसेनासा झालास, तरी उभे होते."

त्याची मान हलायला लागली. डोकं अर्धंच झालं होतं. मी वस्तरा हवेत धरला आणि थांबलो.