बिसराम कोतवालाची घरची दवंडी

प्राचीन ग्रीक भाषेत ‘एपांगेल्लो’ असं एक क्रियापद आहे. अर्थ, पुकारणे, जाहीर करणे. तेच संस्कृतातल्या आत्मनेपदासारखं चालवलं, म्हणजे पुकारणाऱ्यानं पुकारा स्वतःवरच घेतला, की ‘एपांगेल्लोमाई’ होतं आणि अर्थ होतो, वचन देणे. फुलचूरच्या बिसराम कोतवालाचं निम्मं आयुष्य परस्मैपदातच गेलं.

डफडं वाजवून तो पाटलाचा हुकूम पुकारायचा. ‘उद्या तलावाच्या पाळीवर घरटी एक माणूस’ म्हटलं की माणसं मुकाट बांधाच्या कामाला येत. घरात मात्र त्याच्या शब्दाला कुणी विचारत नसे. रुख्माला लग्नातच त्यानं कबूल केलं होतं, गोंदियाकडच्या प्रतापगडावर महादेवाच्या जत्रेला नेतो म्हणून. पण दर शिवरात्रीला काहीतरी निघे. कधी साहेबांचा दौरा, कधी पाटलाकडचे पाहुणे, एकदा तर नुसताच कंटाळा.

एकोणीसशे त्रेपन्न साली जेवायला बसताना तो पुन्हा म्हणाला, “या खेपेले नेतोच तुले.”

रुख्मानं भाताचं भांडं आपल्याकडे ओढलं. “चुलीपाशी कायले सांगता? पाळीसाठी चौकात ओरडता, माह्यासाठी काऊन आवाज बसते तुमचा?”

“घरच्या गोष्टीची दवंडी देतेत का कोनी?”

“मंग भातही चौकातच मागा.”

भात गरम होता. बिसराम डफडं घेऊन चौकात गेला. “ऐका होऽ! बिसराम कोतवाल बायकोले शिवरातीले प्रतापगडले नेऊन राहिला होऽ!” आणि सवयीनं पुढचंही निघून गेलं, “हयगय करील त्याच्यावर कारवाई होईल होऽ!”

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी खेमराज पाटलांनी त्याला बोलावलं. “उद्या साहेब येऊन राहिले. तुले जाता येनार नाही.”

बिसराम घरी येऊन सांगता झाला. रुख्मा बांधून ठेवलेल्या गाठोड्याची गाठ तेवढी सोडू लागली. गाठोडं जरा जास्तच फुगलं होतं. तिला गाठ सोडताना पाहून तो आल्या पावली पाटलांकडे गेला.

“पाटील, मंग जानं रद्द म्हणून दवंडी फिरवून येतो.”

पाटलांनी पानाची पिंक टाकली, विचार केला. “नको बाबा. एक दवंडी खोटी पडली, त उद्या पाळीवर कोन येईल? जा तू.”

गोंदियाहून चांदा लाइनची गाडी, मग पायवाट, मग गड. महादेव झाला, गडावरचाच दर्गा झाला. उतरताना रुख्मा रेवड्या खात हसत होती. बिसरामला एकदम उदार वाटलं. “पुढल्या साली पचमढीले नेतो तुले.”

रुख्मा थांबली. तिथंच खडकावर बसून तिनं गाठोडं सोडलं. लुगड्याखालून डफडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.